नस

टक्. डबीचं झाकण उघडलं आणि दुपारची सामसूम मोडली.

नंदिनीने चिरत असलेली भाजी तशीच ठेवली, तोंड दुसरीकडे फिरवलं. ओसरीत बसलेली सासू, बायनाबाई, आता काय करणार हे तिला न बघताही दिसत होतं. तंबाखूची काळपट भुकटी, त्यात बोट, मग ते बोट हिरड्यांवरून फिरणार, ओठाच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ येणार. या भुकटीला आरमोरीकडे 'नस' म्हणतात. त्याच ओल्या बोटांनी बायनाबाई पाण्याचा गिलास धरायची. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा नंदिनीला मळमळलं होतं. मयुरी झाली, हाताने पाणी पिऊ लागली, तेव्हा तिने फळीच्या टोकाला एक गिलास वेगळाच काढून ठेवला.

"आजीच्या गिलासाले हात नाई लावायचा," तिने लेकीला बजावलं. "घाण असते."

बायनाबाई त्या गिलासाकडे बराच वेळ बघत राहिली होती.

"माया लहानपणी गावानं ठेवला होता आमचा गिलास वेगळा," ती म्हणाली. "आता घरातच पाहून राह्यली."

गिलास मात्र तिथेच राहिला.

भाजी पुन्हा हातात घेताना दाढेतून कळ निघाली, थेट कानापर्यंत. धानाच्या रोवणीच्या आधी तिने या दाढेचं रूट कॅनल सुरू केलं होतं. डॉक्टरने आतली नस काढली, कच्चं सिमेंट भरलं आणि आठवड्याने या म्हणून सांगितलं. पण दुखणं लगेच थांबलं. दुखतच नाई त काऊन जा? असं करत रोवणी गेली, निंदणही गेलं. परवा भाताच्या घासाबरोबर सिमेंट बाहेर आलं. तेव्हापासून तोंडात कुजकी चव होती, उंदीर मेलेल्या घरासारखी. मयुरी गळ्यात पडली की नंदिनी श्वास रोखून धरायची. दोन दिवसांत तिने लेकीचा एक मुका घेतला नव्हता.

बायनाबाईने डबी पुढे केली.

"दाब दाढेत. सुन्न होते."

"मले नाई पाह्यजे ती घाण."

"मंग बस, गाल धरून."

डबी तिथेच ठेवून बायनाबाई शेजारी गेली. मयुरी अंगणात खेळत होती. नंदिनीने एकदा दाराकडे पाहिलं आणि झाकण उघडलं. तिने डोळे मिटले आणि चिमूट दाढेत दाबली.

दुसऱ्या दिवशी मयुरीला घेऊन ती दवाखान्यात गेली. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं. डॉक्टरने चिमट्याने दाढेतून काळा, ओला गोळा ओढून काढला आणि कापसावर ठेवला.

"काय ताई, मी नस काढली अन् तुम्ही परत भरून आणली?"

मदतनीस बाई फस्सकन हसली. डॉक्टरही हसली, मग गंभीर झाली.

"दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली, असं नसते. नसच नाही तर दुखेल काय? पण मुळं साफ करून पक्की भरली नाहीत तर आत सडतच राहते, मग खालचं हाड ठणकते. आता वर टोपी बसेपर्यंत यायचं. दुखो की न दुखो."

नंदिनीने पापण्या मिटून हो म्हटलं. गालावरून लाळ ओघळत होती, ती तिला कळतही नव्हती.

मयुरी स्टुलावरून उतरली. कापसावर वाकली, हुंगली आणि नाक दाबून मागे सरली. तो वास तिने ओळखला होता.

"आई, तूबी आजीसारखी नस घासतेस?"

डॉक्टरचा हात जबड्यावर होता. मान हलेना.

मयुरी जवळ आली. आईच्या हनुवटीवरचा तपकिरी ओघळ तिने आपल्या फ्रॉकने हळूच पुसला.

"मंग घरी गेल्यावर तुयाबी गिलास वेगळा ठेवू?"