चार लाल फुल्या

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि माझं स्वतःचं कुरकुरणं मी समोरून ऐकलेलं आहे. दचकू नका. कोणाला भिववायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्या गोष्टीत एक गेलेलं माणूस परत येतं हे खरं, पण ते भर दुपारी चार वाजता येतं, खिडकीपाशी बसतं आणि लोकांची मापं वाचून दाखवतं. आता बोला!

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या सुताराच्या दुकानात झाला. सुताराने मला घोटून घोटून गुळगुळीत केलं, रुंद हात दिले, उंच पाठ दिली. गादी भरणाऱ्याने पोटात सहा स्प्रिंगा बसवल्या. त्यातली डावीकडची एक पहिल्या दिवसापासून खोडकर. कोणी बसलं की ती ‘कुर्र’ करायची आणि उठलं की ‘कुर्र-टक्’. गादीवाला बिचारा ओशाळला. "बदलून देतो, बाई," असं म्हणाला. मला घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. मी आत शिवायला बसलेली असते. बाहेर कोण बसलं, कोण उठलं, तेवढंच मला कळेल."

त्या माझ्या मालकीणबाई. त्या कपडे शिवायच्या आणि त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घरात एक मुलगी, सात वर्षांची. तिला दोघंही बबडी म्हणायचे.

घड्याळजींचा सगळा जीव यंत्रात. एके दिवशी त्यांनी मोठ्या चकत्यांचा टेप रेकॉर्डर आणि दोन उंच स्पीकर घरी आणले. थाटात लावले, वाजवले, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. गाणं पिंपातून आल्यासारखं येत होतं. त्यांनी लगेच डोळ्याला भिंग लावलं आणि पेचकस उचलला. बाई दारात उभ्या राहून हसू लागल्या.

"अहो, त्या यंत्राचं पोट कशाला फाडताय? यंत्र धडधाकट आहे. खोली अंगाला बसत नाहीये."

"खोली काय झंपर आहे का अंगाला बसायला?"

"झंपरच आहे. बेतावी लागते. सरका जरा."

मग आठ दिवस घरात नुसती उलथापालथ चालली होती. बाईंनी स्पीकर कोपऱ्यातून ओढून पुढे आणले, कारण कोपऱ्यात जाड आवाज फुगतो. उघड्या फरशीवर जाड गालिचा अंथरला. खिडकीच्या काचेवरून आवाज टणटण उलटायचा, म्हणून दुहेरी अस्तराचा पडदा शिवला. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं आणि पुस्तकं मुद्दाम मागेपुढे ठेवली. घड्याळजी यायचे आणि ती नीट एका रेषेत लावायचे. बाई पुन्हा विस्कटायच्या. त्यावरून एकदा दोघं अख्खा दिवस बोलले नाहीत.

बबडीला बाईंनी एक मजेशीर काम दिलं होतं. खोलीभर फिरायचं आणि टाळ्या वाजवायच्या. टाळी ‘टण्ण’ वाजली की बाई म्हणायच्या, "इथे अजून उघडं आहे." टाळी ‘टप्’ वाजून विरली की म्हणायच्या, "हं, बसलं."

शेवटी माझी पाळी आली. कानामागे गादी आली की आवाज कोंदतो, असं म्हणून बाईंनी माझी उंच पाठ कापून खांद्याखाली आणवली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझी ऐटच गेली. मग त्या मला बोट बोट पुढे सरकवायच्या, मागे घ्यायच्या, डोळे मिटून बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली, "या, बसा आता."

घड्याळजी बसले आणि बाईंनी गाणं लावलं. गाणारी बाई स्पीकरमध्ये नव्हतीच. ती दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, खिडकीपाशी, रिकाम्या हवेत उभी होती. घड्याळजींनी हात पुढे केला आणि घाबरून मागे घेतला.

झाडलोटीत जागा हलू नये म्हणून बाईंनी शिवणकामातली युक्ती केली. माझ्या चार पायांच्या बरोबर खाली गालिच्यात लाल दोऱ्याच्या चार फुल्या घातल्या. स्पीकरांखाली दोन निळ्या. दोरा दाताने तोडला आणि उठल्या. घड्याळजींना त्या फुल्या कधी दिसल्या नाहीत. पायाखालचं कोण बघतं? मी मात्र त्या फुल्यांवर वर्षानुवर्षं उभी होते.

पुढे घड्याळजींनी दोन माइक आणले. ते बाईंच्या मागे लागले, "काहीतरी बोल गं." उजेड चांगला म्हणून बाईंनी तेवढ्यापुरतं मला खिडकीपाशी ओढलं, माझ्यात बसल्या आणि मापांची वही उघडली. "शाळेतल्या बाई. छाती छत्तीस, बाही एकवीस, गळा मागून खोल नको. पोस्टमास्तर. कंबर अडतीस लिहा म्हणतात. मी बेचाळीस लिहिते." अशी वीस मिनिटं. मधेच त्या स्वतःच हसल्या, पान उलटलं, खोकल्या. शेवटी म्हणाल्या, "झालं की नाही तुमचं? मी उठते. इस्त्री तापली आहे." मग माझं ‘कुर्र-टक्’ आणि उजवीकडच्या दारापर्यंत गेलेल्या त्यांच्या सपाता. तेवढीच ती टेप.

वर्षं गेली. बबडी मोठी झाली, इस्पितळात परिचारिका झाली, तिने वेगळं घर केलं. आणि एका थंडीत बाई आजारी पडल्या त्या उठल्याच नाहीत.

दोन महिने खोलीत कोणी आलं नाही. मग एका दुपारी चार वाजता घड्याळजी आले, माझ्यात बसले आणि त्यांनी ती टेप लावली.

मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? समोर खिडकीपाशी ‘कुर्र’ वाजलं. तो माझाच आवाज होता, तरुणपणीचा. समोर मी होते आणि माझ्यात बाई बसल्या होत्या. इथेही मीच होते आणि माझ्यात घड्याळजी बसले होते. वहीचं पान उलटलं ते नेमकं मांडीच्या उंचीवर उलटलं. पोस्टमास्तरांची कंबर बेचाळीस झाली तेव्हा घड्याळजी हसले, आणि हसता हसता त्यांचं अंग थरथरू लागलं. माझ्या पोटातल्या साऱ्या स्प्रिंगा ते थरथरणं ओळखतात.

त्यानंतर रोज चार वाजता बाई येऊ लागल्या. मात्र "झालं की नाही तुमचं?" हे शब्द आले की घड्याळजी झटकन हात लांबवून टेप बंद करायचे. पुढचं त्यांनी एकदाही वाजू दिलं नाही. तिला उठूच द्यायचं नाही! उठलीच नाही तर जाईल कशी?

आणि मग घड्याळजी गालिच्याच्या काठाला अडखळून पडले. गुडघा फुटला. बबडी धावत आली. पडलेल्या म्हाताऱ्यांची मोडलेली हाडं रोज बघणारी ती पोरगी.

"बाबा, हे घर आहे की अडथळ्यांची शर्यत? उद्या खुब्याचं हाड मोडलं तर?"

तिने दोन दिवसांची रजा काढली आणि खोली मोकळी केली. गालिचा गुंडाळला. धुळीने बाबांना खोकला होतो म्हणून पडदा उतरवला. कपाट दुसऱ्या खोलीत गेलं. वाटेतले स्पीकर कोपऱ्यात ढकलले. माझ्यातून उठायला त्रास होतो म्हणून एक उंच, ताठ खुर्ची आणली. मला आणि गालिच्याला मागच्या गॅलरीत ठेवलं आणि जुन्या सामानवाल्याला रविवारी यायला सांगितलं. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाच्या काळजीपोटीच तिने हे केलं.

चार वाजले. गॅलरीच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. टेप सुरू झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. एक घोगरी बाई डाव्या कोपऱ्यातून बोलत होती, दुसरी उजव्या कोपऱ्यातून. शब्द फरशीवरून आणि काचेवरून उलटत होते, एकमेकांवर आपटत होते. मधे, खिडकीपाशी, कोणी नव्हतं.

"बबडे, मशीन बिघडलं," घड्याळजी म्हणाले.

घड्याळजीच ते! खोट यंत्रातच असणार. त्यांनी भिंग लावलं, चिमटा घेतला, टेप रेकॉर्डरचा स्क्रू न् स्क्रू काढून पांढऱ्या फडक्यावर मांडला. पुसलं, जोडलं, वाजवलं. पुन्हा उघडलं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, "आजोबा, मशीन ठणठणीत आहे." ते ऐकून त्यांचा धीरच सुटला. मशीन ठणठणीत असेल तर मग एकच अर्थ उरत होता.

"ती रुसली," ते म्हणाले. "मी पडलो, गोंधळ घातला, तिला घरात सामान हलवलेलं आवडलं नाही. ती यायची बंद झाली."

"बाबा, असं काय बोलता? ती टेप आहे."

"तुला नाही कळायचं. ती इथे बसायची."

त्यांनी जेवण टाकलं. चार वाजता त्या ताठ खुर्चीत बसायचे आणि टेप न लावताच खिडकीकडे बघत राहायचे. बबडी दाराआड डोळे पुसायची. आणि मी गॅलरीत, पावसाचे शिंतोडे खात, ओरडत होते. फुल्या बघा, फुल्या! पण खुर्चीला ओरडता येत नाही. बसल्याउठल्याशिवाय तिला तोंडच नसतं.

शनिवारी बबडी गालिचा झटकायला गॅलरीत आली. द्यायचाच आहे तर निदान स्वच्छ द्यावा, हा तिच्या आईचा स्वभाव. गालिचा उलगडला आणि ती थबकली. लाल दोऱ्याची एक फुली. मग दुसरी. चार लाल, दोन निळ्या. तिने फुलीवर बोट फिरवलं. आईचा टाका लेकीला ओळखायला वेळ लागत नाही.

"हे काय गं आई?" ती पुटपुटली.

तिने फुल्यांमधलं अंतर वितीने मोजलं. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. तिने माझ्या पायांमधलं अंतर मोजलं. मग तडक खोलीत गेली आणि मधोमध उभी राहून तिने टाळी वाजवली.

टण्ण!

"अगं बाई," बबडी म्हणाली आणि बाबांकडे वळली. "बाबा, आई रुसली नाही. मीच तिची बसायची जागा मोडली."

संध्याकाळ झाली, मग रविवारची सकाळ झाली, तरी बबडीचे हात थांबले नव्हते. जुन्या सामानवाल्याला तिने दारातूनच परत पाठवलं. गालिचा अंथरून त्याचे काठ पट्ट्या ठोकून फरशीला घट्ट बसवले. पडदा धुऊन लावला. कपाट आणलं आणि त्याच्या कडेला, बाबांना धरून उठता यावं म्हणून, एक भक्कम मूठ बसवली. स्पीकर निळ्या फुल्यांवर ठेवले. मला चार लाल फुल्यांवर उभं केलं. घड्याळजी पुस्तकं एका रेषेत लावायला निघाले, तेवढ्यात थांबले, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ती मागेपुढे केली. बबडीने खोलीभर फिरून टाळ्या वाजवल्या. टप्. टप्. टप्.

"बसलं," दोघं एकदमच म्हणाले.

चार वाजले. घड्याळजी माझ्यात टेकले. त्यांच्या हाताला घाम आला होता, माझ्या हातावर त्याचा ओला डाग पडला. त्यांनी टेप लावली. आणि समोर, खिडकीपाशी, माझं तरुण ‘कुर्र’ वाजलं.

"शाळेतल्या बाई. छाती छत्तीस..."

बाई आल्या होत्या. तशाच. पान तिथेच उलटलं, हसू तिथेच उमटलं. घड्याळजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ते इतके भरून पावले होते की हात लांबवायचं विसरूनच गेले. "झालं की नाही तुमचं?" बाई म्हणाल्या. "मी उठते. इस्त्री तापली आहे."

कुर्र-टक्.

सपातांचा आवाज निघाला. खिडकीपासून गालिच्याच्या काठाकाठाने, उजवीकडे, दाराकडे. दारात बबडी चहाचे दोन कप घेऊन उभी होती. पावलं तिच्यापर्यंत आली. आणि बबडी, इस्पितळात काम करणारी, ती टेप आहे असं बापाला बजावणारी बबडी, अंग चोरून बाजूला झाली. आईला वाट दिली.

टेप संपली. तिने एक कप बाबांच्या हाती दिला.

"बघितलंस?" घड्याळजींनी हळूच विचारलं.

"हो, बाबा."

"कुठे गेली?"

"आत. इस्त्रीपाशी."

घड्याळजींनी मान हलवली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी चहासोबत काहीतरी खायला मागितलं.

आता ते टेप रोज शेवटपर्यंत वाजू देतात. उठून गेलेली उद्या चार वाजता परत येते, हे त्यांना कळलं आहे. बबडी दारात असली तर अजूनही बाजूला सरकते. तिला त्याची लाजही वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू कधी हलवूच नका असं माझं म्हणणं नाही. अडचण होते, धूळ होते, मला कळतं. पण उचलण्याआधी एकदा तिच्या पायाखाली बघा. तिची जागा कोणीतरी जीव लावून ठरवलेली असू शकते. आणि एवढं माझ्यासाठी करा. माझ्या डाव्या स्प्रिंगला तेल घालायला कोणी आलं तर त्याला घालू देऊ नका. रोज चार वाजून वीस मिनिटांनी बाई समोरच्या खुर्चीतून उठतात. मग घड्याळजी मूठ धरून माझ्यातून उठतात. कुर्र-टक्, मी म्हणते. आतल्या खोलीत शिवायला बसलेल्या माणसाला कळायला हवं ना, बाहेर कोण उठलं ते.