दोरीजवळून न दिसलेला चेहरा

सोनगीरच्या जत्रेत आम्ही दरवर्षी एकच जुनं नाटक करायचो. माझी बायको कमल त्यात आई व्हायची आणि मी मागे पडद्याची दोरी धरायचो. शेवटी मुलाला निरोप देताना तिची पाठ थरथरायची आणि समोर गाव रडायचं. तिचा चेहरा मला कधीच दिसला नाही.

ती गेल्यावर त्या नाटकाचा सिनेमा धुळ्याला लागला. लेक पुनम मला घेऊन गेली. शेवटी आईचा चेहरा पडदाभर आला. ती हसत होती.

"हे चुकलं यांचं," मी म्हणालो. "कमल रडायची."

"नाही आबा, आई अशीच हसायची. म्हणून तर बठ्ठं गाव रडायचं."

तसली थरथरती पाठ घेऊन ती हसायची! दिवे लागले तरी मला उठवेना.