राखलेला तुकडा

नीलाला, माझ्या बायकोला, मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. सोसायटीच्या जिन्यात एखादं दिसलं की तिचा हात चपलेकडे जातो. त्यामुळे ती रोज सकाळी चहा गार करून दुर्बिणीतून एका मांजरीकडे बघत बसायला लागली, तेव्हा मी तिची चेष्टा करायची एकही संधी सोडली नाही.

आम्ही फरीदाबादला कालव्याच्या पलीकडे राहतो, नवव्या मजल्यावर. समोर बाग होणार असं बिल्डरने सांगितलं होतं, झाला गहू. माझी काही तक्रार नाही. मी दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, गहू उभा असताना कसा दिसतो ते मला नीलानेच दाखवलं. ती जुन्नरकडची, उसाच्या मळ्यात वाढलेली.

"ही आपली घरातली मांजर नव्हे रे. बाऊल आहे, रानमांजर. पाय बघ केवढे लांब," ती म्हणाली. "आणि पोट बघ. बाळंतपणाला आलीय."

"अच्छा. मग डिंकाचे लाडू पाठवूया का खाली?"

ती हसली नाही. पुढे गहू पिवळा पडत गेला आणि बाऊल बारीक झाली. तोंडात उंदीर धरून ती रोज शेताच्या मधोमध एकाच जागी शिरायची. पिल्लं तिथेच होती, यात शंका नव्हती. गहू कापणीला आल्यावर नीलाची झोप उडाली, आणि माझी चेष्टाही आपोआप बंद झाली.

हार्वेस्टर पंजाबातून येतो. एकच यंत्र गावोगाव फिरतं, आणि ते आलं की सगळे आपापलं शेत लगोलग उरकून घेतात, कारण पुन्हा पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. विळ्याने कापायचे तेव्हा एक शेत रिकामं झालं तरी शेजारचं उभं असायचं. आता सकाळी बाल्कनीत यावं तर नजर पोचेल तिथवर गहू, आणि संध्याकाळी काहीच नाही. शिवाय हे यंत्र बांधाच्या कडेने गोल गोल कापत आत येतं. आतले जीव त्याच्या धाकाने मध्ये सरकतात आणि मध्य लहान होत जातो. हे सगळं नीलाने मला समजावलं आणि ती पायात बूट घालून खाली उतरली. मी मागोमाग गेलो.

शेत चौधरी धरमबीर यांचं. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रावरच्या सरदारजींना हाक मारली. नीलाने त्यांना विनंती केली की, मधून सुरू करा आणि बाहेर कापत या, म्हणजे जनावरांना पळायला वाट राहील.

"मैडम, बीच में जाऊँगा कैसे? उड़ के?" सरदारजी म्हणाले. मग तिचा चेहरा बघून नरमले. "आख़िर में रोक दूँगा. आप देख लेना. ऊपर बैठे को कुछ दिखता नहीं जी, बाद में पता चलता है."

त्यांनी शब्द पाळला. फेऱ्या घेत घेत गव्हाचा बारकासा तुकडा उरला. त्यातून आधी तित्तर उडाले, मग एक ससा सुटला. शेवटी बाऊल निघाली आणि जमिनीला चिकटून कालव्याकडच्या बोरूंच्या उंच गवतात पळाली. तिच्या तोंडात काही नव्हतं. सरदारजींनी इंजिन बंद केलं. नीला आत शिरली. दबलेल्या गव्हात तीन पिल्लं होती, मुठीएवढी, नुकते डोळे उघडलेली. एकाने माझ्यावर फिस्कारून बघितलं. मला ते इतकं आवडलं की मी क्षणभर घरीच न्यायचा विचार केला.

"बिल्कुल नाही," नीला म्हणाली. "आईची पोरं आईकडेच जायला हवीत."

तिने तिथूनच जुन्नरला भावाला फोन लावला. उल्हासदादाच्या उसात एकदा तोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे निघाले होते. वनखात्याच्या लोकांनी ते प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून सापडले तिथेच ठेवले आणि अंधार पडल्यावर मादी एकेक करून घेऊन गेली. जुन्नरकडे हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"हातमोजे घाल, क्रेट त्याच जागी ठेव आणि लांब जा," दादा म्हणाला. "जागा अजिबात बदलू नकोस, नीले. आई येतेच."

मी प्राण्यांच्या एका हेल्पलाइनला फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं. आम्ही भाजीवाल्याकडून टोमॅटोचा क्रेट आणला. धरमबीर म्हणाले, "इतना टुकड़ा खड़ा रहने दो. इतने गेहूँ से मेरा क्या बिगड़े है." आमच्या हॉलएवढा गहू त्यांनी राखला आणि क्रेट त्यात ठेवून आम्ही घरी आलो. सगळ्यांनी सगळं नीट केलं होतं. मला तर जरा अभिमानही वाटत होता.

पण हार्वेस्टरच्या मागोमाग भुसा काढायची यंत्रं आली. उरलेली धसकटंही त्यांनी खरवडून नेली. कालव्यापासून त्या तुकड्यापर्यंतची जमीन पाटासारखी झाली. उघडे पडलेले उंदीर खायला कुत्रे जमले. आमच्याच सोसायटीचे, दूध-पोळी खाऊन माजलेले.

दिवेलागणीला बाऊल बोरूंमधून बाहेर आली. पोट घासत थोडी पुढे सरकली. एका कुत्र्याने मान वर केली, तशी ती परत फिरली. मग पुन्हा आली, पुन्हा फिरली. नीलाने दुर्बीण खाली ठेवली आणि दादाला फोन केला.

"दादा, तुझ्याकडे तेव्हा बाजूचा ऊस उभा होता का?"

"होता ना. चारी बाजूंनी होता."

"इथे काहीच नाही रे. तिला चालायला आडोसाच नाही."

नीलाने फोन ठेवून बूट घातले.

"कुठे निघालीस?"

"क्रेट तिच्यापाशी नेऊन ठेवते. ती इथवर येऊच शकत नाही."

"अगं, जागा बदलू नका म्हणाला ना तो?"

"त्याच्याकडे ऊस होता, जयंत."

तिचं म्हणणं मला पटलं. आम्ही कुत्र्यांना हाकलत क्रेट नेला आणि बाऊल जिथे दिसली होती तिथे बोरूंमध्ये ठेवला. ती तिथे नव्हती, पण जवळपासच असणार असं आम्ही धरून चाललो. घरी आलो तोवर काळोख झाला होता आणि दुर्बिणीतून काही दिसत नव्हतं.

सकाळी उजाडता उजाडता नीलाने मला हलवून उठवलं. तिने नुसती दुर्बीण हातात दिली. बाऊल गव्हाच्या तुकड्यात होती. यंत्रं थांबल्यावर, कुत्रे पांगल्यावर, ती एवढं उघडं रान ओलांडून जिथे पिल्लं ठेवली होती तिथे आली होती. आत जायची, बाहेर यायची, जमीन हुंगायची, पुन्हा आत जायची. तोंड उघडलेलं दिसत होतं. नवव्या मजल्यावर आवाज येत नाही.

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत कालव्यावर गेलो. क्रेट उपडा पडला होता. कुत्रे तिथेच पसरले होते, मला ओळखून शेपट्या हलवायला लागले. मला संताप आला आणि तो काढायला कोणी सापडेना. सरदारजी चांगले, चौधरी चांगले, दादा चांगला. कुत्र्यांनाही काय बोलणार? गवतात जे पडलं होतं त्यावर माती लोटली आणि वर आलो. नीलाला काही सांगायचं नाही असं जिन्यात ठरवलं होतं. दार उघडलं तर तिने दुर्बीण उलटी करून टेबलावर ठेवलेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"बहनजी, राम राम," धरमबीर बोलत होते. "ले गई बच्चे?"

नीला माझ्याकडे बघत राहिली. मी मान फिरवली.

"हाँ चौधरीजी," ती म्हणाली. "ले गई."

"चलो, पुन्न का काम हो गया. फिर वो टुकड़ा कटवा दूँ? मशीन आगे के गाँव जाने को खड़ी है."

"कटवा दीजिए."

आम्ही दोघं बाल्कनीत उभे राहिलो. दुर्बीण कोणी उचलली नाही. हार्वेस्टर बांधावरून वळून शेतात शिरला. तो अगदी जवळ येईपर्यंत बाऊल तुकड्यातच थांबली आणि मग रिकाम्या तोंडाने पळाली.