दारावरची खडूची तारीख

डासमामांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी गल्लीत ताप आला. घरात दोन पाळण्यांची धांदल आणि बाहेर ही पीडा. मामांना बसून चार घास खायची सवड उरली नव्हती.

डासमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या डास खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षं घरोघर पाणी बघण्यात काढली, तेव्हा पोरांनी पाडलेलं हे नाव मोठ्यांच्याही तोंडी बसलं. खांद्याला पिशवी, तिच्यात बॅटरी, लांब दांड्याचं ओगराळं आणि खडू. टाकीत, पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत ओगराळं बुडवायचं, अळ्या वळवळतात का ते उजेडात बघायचं आणि पाणी स्वच्छ असेल तर दाराच्या चौकटीवर खडूने तारीख घालायची. तारीख दिसली की घरचे निर्धास्त.

त्या सोमवारी सकाळी कळलं, की गल्लीतल्या शिंप्याच्या बायकोला दवाखान्यात हलवलंय. ताप उतरला, पण रक्तातल्या पेशी उतरायच्या थांबेनात. मामांना डासाची जात ठाऊक होती. हा डास मोठा आळशी. जिथे जन्मतो, तिथल्याच चार घरांत पोट भरतो. म्हणजे पाणी शिंप्याच्या आसपासच कुठेतरी साचलेलं असणार. त्यांनी शिंप्याचं घर धुंडाळलं, बेकरी धुंडाळली, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं एकेक टायर उलटं केलं. सगळीकडे कोरडं. उरलं एकच घर, त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, आणि त्या चौकटीवर तर त्यांच्याच हातची तारीख होती.

दाजी होते तोवर ते स्वतः मामांना गच्चीवर नेऊन टाकीचं झाकण उघडून दाखवायचे. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मामा दर सोमवारी खालच्याच खोलीत बसायचे, ताईच्या हातचा चहा घ्यायचे आणि निघताना तारीख घालायचे. तीन जिने, त्यात गुडघे बोलायला लागलेले. बहिणीच्या घरात अळ्या कुठून येणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या दिवशी ते चढले. ताई खालून ओरडल्या, की अरे, वर काय ठेवलंय, चहा निवतोय. वर जुनी, वापरात नसलेली सिमेंटची टाकी होती. झाकण सरकलेलं, टाकी अर्धी भरलेली. पहिल्याच ओगराळ्यात पाणी कमी आणि अळ्या जास्त. मामांनी टाकी उपसली, कडा खराट्याने घासल्या आणि खाली येऊन ताईंना सांगितलं, की कबुतरांनी घाण केली होती, ती काढली. निवलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. त्या दिवशी चौकटीला खडू लावायला मात्र हात धजला नाही.

संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर सेवा क्लबची सभा होती. ताई क्लबच्या महिला शाखेच्या प्रमुख, त्यामुळे दुसऱ्या रांगेत मानाच्या खुर्चीवर. धुराचं मशीन घ्यावं की नाही यावर आधी बराच काथ्याकूट झाला. औषधांचे दुकानदार अध्यक्ष होते, ते म्हणाले, की धुराने डास मरत नसेल, पण खोकत तरी पळेल. लोक हसले. मग क्लबातल्या वकिलांनी अर्ज वाचला. ताप टायरांमुळे आला, सबब पंक्चरवाल्याचं दुकान कोपऱ्यावरून उठवावं. पंक्चरवाला दाराशी उभा होता, हात पुसायचं फडकं तसंच हातात. टायर पत्र्याखाली ठेवतो, थेंब साचू देत नाही, हे त्याने दोनदा सांगून पाहिलं. त्या दुकानावर सहा माणसं जेवत होती. पण त्याचं ऐकतो कोण.

खात्याचा माणूस म्हणून अर्जावर मामांची सही तेवढी हवी होती. अध्यक्षांनी पेन पुढे केलं. टाकी आता स्वच्छ होती, कुणाला काही कळणार नव्हतं, पेन्शन दीड वर्षावर आलं होतं. मामांनी पेन घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवून दिलं.

"ह्याच्या टायरांत पाणी नाही," ते म्हणाले. "दर सोमवारी मी एकेक उलटून बघतो, कारण ह्याच्यावर माझा विश्वास नाही. ज्यांच्यावर विश्वास, त्यांच्याकडे मी बघतच नाही. अळ्या आज सकाळी माझ्या ताईच्या गच्चीवर सापडल्या."

सगळ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. ताईंनी पदर सारखा केला.

"नऊ वर्षं तू माझ्याकडे पाणी बघायला येत होतास की चहा प्यायला?"

"चहा प्यायला, ताई."

"मग ती तारीख कसली घालत होतास?"

वकिलांनी आवाज उतरवून विचारलं, की आमच्या गच्चीवर शेवटचे कधी चढलात. मामा म्हणाले, की तुम्ही फाटकातूनच हात हलवून म्हणता, 'मामा, सगळं ठीक आहे, घाला तारीख', आणि मी घालतो. मग अध्यक्षांनीही विचारलं. त्यांचीही तीच गत. वकिलांनी अर्जाची घडी करून खिशात टाकली.

"मी जाऊ का?" पंक्चरवाल्याने विचारलं. "दुकान उघडं टाकून आलोय."

ताई भावासाठी न थांबता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामा ओलं फडकं घेऊन निघाले. ज्या ज्या गच्चीवर ते चढले नव्हते, त्या दाराची तारीख पुसत गेले. एकवीस दारं झाली. मग दवाखान्यात जाऊन बाकावर शिंप्याशेजारी बसले आणि त्याला सगळं सांगितलं. शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"मग आधीच्या सोमवारी का नाही चढलात?" एवढंच त्याने विचारलं.

मामांनी दुखऱ्या गुडघ्यांवरचे हात काढून घेतले. शिंपी बाकावर थोडा बाजूला सरकला. त्यांना ऐसपैस बसता यावं म्हणून, की त्यांच्यापासून लांब, ते मामांना कळलं नाही.

शिंप्याची बायको त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी सव्वातीनला गेली.