जिन्यावर बसणारा चावीवाला

केंद्रात भेटीचा दिवस रविवार, आणि लेक आली बुधवारी. चावीवाला तेव्हा मागच्या अंगणात बटाटे सोलत बसला होता. दारू सोडायला आलेल्या माणसांना तिथे रिकामं बसू देत नसत. कुणी झाडायचं, कुणी भांडी घासायची, त्याच्या वाट्याला बटाटे आले होते. फाटकातून लेक एकटीच आत येताना दिसली तशी त्याने सुरी खाली ठेवली. भेटायला नेहमी बायको यायची. लेक आजवर एकदाही आली नव्हती.

"आई कुठंय?"

लेक उभीच राहिली. "बाबा, आई गेली. शुक्रवारी. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं."

"शुक्रवारी?"

"हो."

"मग… सगळं?"

"सगळं झालं. तुम्हाला मी मुद्दाम कळवलं नाही." तिने नजर चुकवली नाही. "तिथे तुम्ही पिऊन आला असतात, तर मला ते सहन झालं नसतं."

लेक गेल्यावर तो परत खाली बसला आणि उरलेले बटाटे सोलून टाकले. मधल्या रविवारी बायको आली नाही म्हणून तो रुसला होता. दाढी करून, केस विंचरून संध्याकाळपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसला होता, आणि पुढच्या खेपेला तिला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होता. ती तेव्हा या जगातच नव्हती. आपण गेलेल्या बाईवर गाल फुगवून बसलो होतो, हे त्याच्या मनातून पुढे कधी निघालं नाही.

केंद्रातून बाहेर पडायची वेळ आली तेव्हा लेकीने फोनवरच अट सांगितली. "घर तुमचं आहे, तुम्हाला रस्त्यावर ठेवणार नाही. पण मी घरात नसताना तुम्ही घरात राहायचं नाही. सकाळी माझ्याबरोबर निघायचं, संध्याकाळी मी आल्यावर आत यायचं. चावी माझ्याकडे."

तिचं चुकत होतं असं नाही. तो प्यायचा तो घरीच. बायको कामावर, लेक शाळेत, की हा दुकान अर्ध्यावर टाकून यायचा, पडदे ओढून घ्यायचा आणि बसायचा. चार माणसांत त्याने कधी ग्लास हातात धरला नाही. चार माणसांत तो मोठा सज्जन होता.

लेकीने दाराला नवीन कुलूप बसवून घेतलं होतं. बाजाराच्या पलीकडच्या दुकानातून आणलेलं, महागाचं. "दुकानदार म्हणाला, याची चावी हरवली तर दारच तोडावं लागतं," असं तिने त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. तिने चावी फिरवली तेव्हा त्याने त्या कुलपाकडे एकदाच पाहिलं, आणि दुकानदाराने चक्क थाप मारली हे त्याला कळलं. कुलूप चांगलं होतं, पण दार तोडण्याइतकं नाही. शांतपणे बसलं तर एक कप चहा गार होईपर्यंत उघडलं असतं. हे तो लेकीला बोलला नाही. बोलला असता तर तिची झोप उडाली असती.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी दोघं बरोबर खाली उतरायची. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत जायची, तो आपल्या टपरीवर. टपरी म्हणजे एक टेबल, वर छत्री, टेबलाला घट्ट बसवलेला शिकंजा, कानशी आणि खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. सुरुवातीला गिऱ्हाईक लांबूनच जायचं. ज्याच्या हातात आपल्या घराची चावी द्यायची तो माणूस शुद्धीत नको? पण हळूहळू येऊ लागलं. त्याचे हात आता थरथरत नव्हते. कानस चावीवर एका रेषेत चालायची, आणि त्याचं त्यालाच नवल वाटायचं.

खरा प्रश्न संध्याकाळचा होता. तो पाचला टपरी आवरायचा, लेक सातपर्यंत यायची. मधला वेळ तो दारापुढच्या जिन्यावर बसून काढायचा. बाजारात रेंगाळला असता तर बाजारात काय काय विकत मिळतं ते त्याला ठाऊक होतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येताना मान वर करून बघायच्या. "काय हो, गावाची कुलपं उघडता आणि स्वतःच्या दारात असे पार्सलासारखे पडून?"

"काय करणार काकू, सही करून घेणारं माणूस अजून यायचंय."

"लेकीने पार जिरवली हो तुमची! ऐकलंय मी, ते कुलूप म्हणे तुम्हालाही उघडत नाही."

"नाही उघडत," तो म्हणायचा. काकू खुशीत खाली जायच्या आणि ही बातमी आणखी दोन घरी पोचवायच्या. ज्याचा साऱ्या धंद्यात हात धरणारा कुणी नव्हता त्याला हे ऐकून घेणं जड जायचं. पण घ्यायचा.

सहाच्या सुमाराला ड्रायव्हरचा फोन यायचा. केंद्रात शेजारच्या खाटेवर असायचा तो. पूर्वी बस चालवायचा, दारूपायी नोकरी गेली, आता गॅरेजमध्ये बसगाड्या धुवायचा. रोज एकमेकांचा आवाज ऐकायचा असं दोघांचं ठरलं होतं.

"आहेस का रे शुद्धीत?"

"आहे. तू?"

"मी इतका शुद्धीत आहे की बायको वैतागलीय. म्हणते, प्यायचास तेव्हा निदान लवकर झोपायचास तरी."

चावीवाला हसायचा. फोन ठेवला की जिना पुन्हा शांत व्हायचा, आणि मग त्याला आपली बायको आठवायची.

त्याने कधी घंटी वाजवली नव्हती. तो दुसऱ्या वळणावर आला की वर दार उघडायचं. पावलांवरून तिला कळायचं, आज कसा आलाय. पाऊल नीट पडत असेल तर ती दारातच उभी राहून काहीतरी बोलायची, दूध आणलंत का, इतका उशीर का. पाऊल अडखळत असेल तर दार नुसतं उघडं असायचं आणि ती आत निघून गेलेली असायची. पुढे पुढे ती दारात दिसेनाशीच झाली. आता त्याचं पाऊल रोज नीट पडत होतं. पायरी न चुकता, कठड्याला हात न लावता तो वर यायचा, आणि दुसऱ्या वळणावर नकळत थांबायचा. मग आपला बसायचा.

लेक आली की दोघं आत जायची, जेवायची, जेवढ्यास तेवढं बोलायची. तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. आतली खोली लेकीची, तिचं दार कायम लावलेलं. तिथे त्याची आणि बायकोची खाट होती. एकदा त्याने नुसतं विचारलं, "आईचं सामान…?" तर लेक म्हणाली, "बघेन मी." तो विषय तिथेच संपला.

एका संध्याकाळी तो जिन्यावर येऊन बसतो न बसतो तोच खालून काकू ओरडत वर आल्या. "अहो, तुमच्या घरातून पाणी येतंय! माझं छत गळतंय, गादी भिजली!"

त्याने दाराकडे पाहिलं. फटीतून पाणी उंबऱ्यावर येत होतं. सकाळी नळाला पाणी नव्हतं, नळ उघडा राहिला असणार. त्याने लेकीला फोन लावला. पुन्हा लावला. कामाच्या वेळी तिचा फोन कपाटात असतो हे त्याला माहीत होतं, तरी लावत राहिला.

"फोन काय करताय? फोडा ते कुलूप!"

"थांबा, काकू."

"थांबू काय? छत खाली यायची वाट बघू?"

पाणी आता पहिली पायरी उतरत होतं. त्याने पिशवीतून एक वाकवलेली पट्टी आणि एक बारीक तार काढली आणि दारासमोर गुडघे टेकले. पट्टीने ताण धरला, तारेने आतल्या पिना एकेक करून उचलायला घेतल्या. काकू मागून काहीतरी बोलत होत्या, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. हात स्थिर होते. कुलूप फिरलं.

काकू वाकून कुलपाकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला येत होतं?"

"तुम्ही खाली जाऊन गादी उचला," तो म्हणाला आणि आत गेला.

नळ बंद केला. मोरीच्या जाळीवर फडकं अडकलं होतं ते काढलं. फरशी पुसायला घेतली, तर पाणी आतल्या खोलीच्या दाराखालून गेलेलं. ते दार त्याला उघडावंच लागलं.

खाटेवर बायकोचे कपडे होते. दोरीवरून काढून आणलेले, घड्या न घातलेले, एकावर एक टाकलेले. तिचा निळा गाऊन, कामावर जायचे दोन कुडते, बाही उलटी राहिलेला स्वेटर. त्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी तिने ते काढले असणार, आणि नंतर घड्या घालू म्हणून ठेवले असणार. त्यावर धूळ धरली होती. लेकीची वळकटी खाली जमिनीवर, भिंतीलगत होती. इतके महिने पोरगी खाटेच्या बाजूला जमिनीवर झोपत होती.

तेव्हा त्याला कळलं की ते महागाचं कुलूप नुसतं त्याच्या बाटलीसाठी बसवलेलं नव्हतं.

स्वेटरची एक बाही खाली लोंबून पाण्याला टेकली होती. ती त्याने पिळून वर ठेवली. हाताला तिचा वास लागला की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. तो तिथे उकिडवा बसला, आणि ती हवी, एवढंच त्याला वाटत राहिलं. एकदा दारात उभी राहून नुसतं दूध आणलंत का म्हणाली असती तरी पुरे होतं. आणि त्या ओढीच्या पाठोपाठ दुसरी आली, जुनी, ओळखीची. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, मोडक्या कुलपांच्या खाली, एक भरलेली बाटली होती. त्यानेच ठेवलेली. घरात कुणाला पत्ता नव्हता. जिन्यावर बसून त्याला ती कधी कधी आठवायची, पण मध्ये दार असायचं. आता दार नव्हतं. स्टूल तर समोरच होतं.

त्याने ड्रायव्हरला फोन लावला.

"बोल."

"मी घरात आहे. एकटा."

ड्रायव्हरने काही विचारलं नाही. "पायात चप्पल आहे?" एवढंच म्हणाला.

"आहे."

"मग चालायला लाग. बाहेर निघ, बोलत राहा."

तो फोन कानाला लावून बाहेर आला, दार ओढून घेतलं, कुलूप खटकन लागलं. मग जिन्यावर बसला. ड्रायव्हर बसगाडीच्या टपावरून पाणी कसं मारायचं ते सांगत राहिला.

लेक आली ती काकूंना भेटूनच. पायऱ्या चढताना तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती सरळ त्याच्या समोर आली आणि वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्याने तोंड वळवलं नाही.

"काकू म्हणाल्या, पटकन उघडलंत."

"हो."

"पहिल्यापासून उघडता येत होतं?"

"हो."

"मग रोज इथे का बसत होतात?"

"तू चावी दिली नव्हतीस."

ती वरच्या पायरीवर टेकली.

"आत गेलो होतो मी. खोलीतही. पाणी शिरलं होतं," तो म्हणाला. "कपड्यांना हात लावला नाही. एक बाही भिजली होती, ती पिळली." मग म्हणाला, "आणि माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत एक बाटली आहे. माझी. जुनी. तू काढ. मी काढायला गेलो तर काय होईल ते मला सांगता येत नाही."

लेक उठली. दार उघडून आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग मोडक्या कुलपांचा खडखडाट, मग मोरीत काहीतरी ओतल्याचा. वास जिन्यापर्यंत आला. तो उठून एक मजला खाली जाऊन उभा राहिला.

वरून लेकीची हाक आली, "बाबा, या आता."

तो वर गेला. तिचे डोळे लाल झाले होते, हात ओले होते.

"उद्या दुसरं कुलूप आणते," ती म्हणाली. "तुम्हाला उघडता येणार नाही असं."

"तसं मिळायचं नाही."

"इतका तोरा?"

"तोरा नाही. तसं असतं तर मीच तुला आणून दिलं असतं."

आई गेल्यानंतर ती त्याच्यासमोर पहिल्यांदा हसली. हसता हसता ओढणीने नाक पुसलं. मग जुडग्यातून दाराची दुसरी चावी सोडवून त्याच्यापुढे धरली. "घ्या. उगाच काकूंना विषय नको. आणि ते कपडे… माझ्याने एकटीने होत नाही, बाबा. रविवारी दोघं मिळून आवरू."

"आवरू," तो म्हणाला.

तो रविवार आला. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभी राहिली, लेकीने गाऊन उचलला आणि परत ठेवला. पुढच्या रविवारी बघू म्हणाली. त्याने आग्रह केला नाही.

आता तो पाचला टपरी आवरतो, चावीने दार उघडून आत जातो, लेक येईपर्यंत भाजी चिरून ठेवतो. अजून तो बाहेरच्याच खोलीत झोपतो, आणि लेक खालीच, भिंतीलगत. कपडे तसेच खाटेवर आहेत. त्यांच्या घड्या घालायच्या राहिल्या आहेत.