जसोदाबाईंच्या खापराला सोनेरी रंग

मित्रांनो, मी एक जुने खापर आहे आणि मला फार राग आला आहे. आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

प्रकाशा गावच्या एका कुंभाराने मला घडवले. मी दिसायला मडक्यासारखे, पण माझ्यात कोणी पाणी भरत नाही. मला चुलीवर पालथे घालतात आणि माझ्या तापलेल्या पाठीवर पुरणाची भली मोठी पोळी भाजतात. एकवीस वर्षांपूर्वी कळसाडीच्या जसोदाबाईंनी मला विकत घेतले आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणले.

त्यांना पोळपाट-लाटणे लागत नसे. पुरण भरलेला सैल गोळा त्या दोन्ही हातांवर झुलवत, मनगटावरून कोपरापर्यंत पसरवत आणि पातळ झालेली पोळी अलगद माझ्यावर टाकत. गल्लीत लग्न असले की पहिले बोलावणे त्यांना, म्हणजे मलाही. धुराने मी काळे पडले, पण त्यांनी कधी नाक मुरडले नाही.

नात जागृती त्यांच्याजवळ बसून शिकली. तिच्या पोळ्या फाटत, तेव्हा आजी म्हणायच्या, "हात नरम ठेव बेटा, पोयी आपोआप वाढस." मागच्या दिवाळीनंतर आजी आजारी पडल्या. जाण्याआधी त्यांनी जागृतीला जवळ बोलावून सांगितले, "हाई खापर आते तुन्हं शे. पोया करजो." बाकी काही त्यांनी कोणाला वाटून दिले नाही.

जागृती कॉलेजसाठी शहाद्याच्या होस्टेलवर परतली आणि इकडे तिच्या वडिलांचे, अमृतभाऊंचे, मातृप्रेम उफाळून आले. त्यांचे आईवर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. सगळा घोळ त्या प्रेमानेच केला! त्यांनी मला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे नेले. त्या गृहस्थाने माझ्या पाठीवर सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि लाल अक्षरांत 'मातोश्री जसोदाबाई' लिहिले. ज्या पाठीवर पोळी भाजायची, त्याच पाठीवर! मग मला शोकेसमध्ये टीव्हीशेजारी बसवले. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढू लागले. मला तोंड असते तर एकेकाला चांगले सुनावले असते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि तिच्यासमोर पुरणपोळी ठेवतात. जसोदाबाईंच्या नावाची ही पहिलीच घागर. जागृती आदल्या संध्याकाळी घरी आली. सकाळी उठून तिने कणीक भिजवली, पुरण वाटले आणि मला न्यायला आली. मला पाहून ती जागीच थबकली.

"पप्पा, हाई काय करी टाकं तुम्ही?"

"मायनी याद शे ती! देख, कितलं चमकी ऱ्हायनं!"

"आजीमायले पोयी जोयजे, पप्पा. चमक नही."

अमृतभाऊंनी शहाद्याहून आणलेले पोळ्यांचे पाकीट पुढे केले. "ह्या ठेवी दे ना घागरजोडे. काय फरक पडस?"

काय फरक पडतो! मला वाटले, शोकेसमधून उडी मारावी आणि त्यांच्या पायाशी फुटून जावे.

जागृतीने कणकेवर ओले फडके टाकले, स्कूटी काढली आणि प्रकाशाला गेली. नवे खापर घेऊन परत आली, ते मंद आचेवर तासभर तापवले. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. तिसरी कोपरापर्यंत पसरली आणि न फाटता खापरावर उतरली. तीच तिने घागरीपुढे ठेवली.

दुपारी अमृतभाऊंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग नव्या खापराकडे पाहून म्हणाले, "हाईबी रंगाडी लेऊत. मायना फोटो टाकीसन."

"हात लावू नका!" जागृती ओरडली. तिची आई कामिनीही पहिल्यांदाच नवऱ्यावर डोळे वटारून उभी राहिली. अमृतभाऊ गुपचूप पोळी खाऊ लागले.

मित्रांनो, मी जागृतीच्या वाट्याचे होते. आता माझ्यावर एकही पोळी भाजता येणार नाही. तुमच्या आजीने तुम्हाला काही दिले असेल तर ते वापरा. काळे पडू द्या, झिजू द्या, फुटले तर नवे आणा. पण आजीवर कितीही माया असली तरी त्याला रंग लावू नका.