तुटक्या काडीचा जळफळाट

मी बोलतेय ती नूडल्स खायची लाकडी काडी. काडी कसली, अर्धवट तुकडा! तोआ पायोच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, स्यू हूनच्या नूडल्सच्या गाळ्यावर मी आणि माझी बहीण जोडीने आलो. तिचं काही वाकडं झालं नाही. मला मात्र एका गिऱ्हाइकाने मिरचीच्या डबीचं झाकण उचकटायला घेतलं आणि कडकन मोडलं.

तेव्हापासून मी बहिणीवर जळते. खोटं कशाला बोलू? तिला रोज गरम रस्सा, मला कोपऱ्यातला डबा!

एका दुपारी स्यू हूनची लेक शू फेन मागच्या टेबलावर गणित घेऊन रडकुंडीला आली होती. ताई-दादाकडे मिळून पन्नास गोट्या, ताईकडे चौदा जास्त, तर दादाकडे किती?

"चौसष्ट," ती म्हणाली.

"अगं शहाणे, दोघांच्या मिळून पन्नास ना? मग या वरच्या चौदा कुठून आल्या, आभाळातून पडल्या?" स्यू हून म्हणाली.

"'जास्त' लिहिलंय, म्हणून मिळवले! आई, यंदा नापास झाले तर खालच्या तुकडीत टाकतील गं मला."

स्यू हूनने हात पुसले आणि आम्हा दोघींना शेजारी ठेवलं. "लांब काडी ताई, तुटकी दादा. पुढे आलेला भाग चौदा." मग बहिणीच्या त्या तोऱ्यावर तिने अंगठा दाबला. "आता बघ."

"सारख्या झाल्या! चौदा गेल्या, राहिल्या छत्तीस. निम्म्या अठरा. दादाकडे अठरा!"

काय सांगू, माझं अंग शहारलं! पुढे रोज शू फेन आधी मला शोधायची. लांब काडी कुठलीही चालायची, तुटकी मात्र मीच लागायची. बहीण गेली उडत!

पण परीक्षेत काड्या नेता येत नाहीत. स्यू हूनने तिला पेन्सिलीने दोन पट्ट्या काढायला शिकवलं, एक लांब, एक आखूड. ती आखूड पट्टी म्हणजे माझी सवतच. ना लाकूड, ना वास, नुसती रेघोटी, आणि बसली माझ्या जागेवर!

शू फेन पास झाली. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मला आनंद झाला असं म्हणायला हवं. नाही झाला.

आता मी मोरीच्या जाळीत अडकलेल्या शेवया काढते. तिथून मागचं टेबल दिसतं. शू फेन भराभर पट्ट्या काढते, मान वर करत नाही.

पोरी, तुझं भलं होऊ दे, पहिली ये. पण एखाद्या गणितात एकदा तरी अड गं. पेन्सिल खाली ठेव आणि मला हाक मार.